नंबर दोनचं गाणं

डिसेंबर लागला की आमच्या यूकेच्या क्लायंटकडे दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे चेंज फ्रीज. प्रॉडक्शनला जानेवारीपर्यंत कोणी हात लावायचा नाही, त्यामुळे आम्ही सपोर्टवाले जरा माणसात येतो. दुसरी गोष्ट म्हणजे व्हॅमगेडन.

व्हॅमगेडन हा खेळ आहे. नियम साधे. १ डिसेंबरपासून २४ डिसेंबर संपेपर्यंत व्हॅम! या बँडचं 'लास्ट ख्रिसमस' हे गाणं कानावर पडू द्यायचं नाही. दुसऱ्या कोणी गायलेलं चालतं, मूळ गाणं ऐकलंत की आउट. ज्या देशात सुपरमार्केटपासून दाताच्या डॉक्टरच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे हे गाणं वाजतं, तिथे हा खेळ म्हणजे अग्निदिव्यच. तिकडचा आमचा टेस्ट लीड सकाळच्या कॉलवर गंभीर आवाजात सांगतो, "आज गेलो मी. पेट्रोल पंपावर." आणि सगळे दोन मिनिटं शोक पाळतात.

मागच्या वर्षी मीही भाग घेतला. म्हटलं, पुण्यात राहून हरायचं काय कारण? दुसऱ्याच दिवशी एका मॉलच्या सरकत्या जिन्यावर हरलो. वर कापसाचा बर्फ, खाली घामाघूम जनता आणि स्पीकरवर जॉर्ज मायकेल.

हरलोच आहे तर निदान माहिती तरी काढू, म्हणून त्या वीकएंडला शोधाशोध केली आणि पहिलाच धक्का बसला. जगात बहुधा सगळ्यात जास्त पिळलेल्या ख्रिसमसच्या गाण्यांपैकी हे एक, पण ते आलं त्या वर्षी, म्हणजे १९८४ साली, नंबर वन झालं नव्हतं. ब्रिटनच्या चार्टवर ते दुसरं आलं. मग पहिलं कोण, हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर शोधताना मी भलतीकडेच जाऊन पोचलो, ते आज लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये सिंगल्सचा चार्ट सुरू झाला नोव्हेंबर १९५२ मध्ये. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकातला पर्सी डिकिन्स नावाचा माणूस वीसेक दुकानांना फोन करायचा, काय खपलं ते विचारायचा आणि बेरीज करायचा. झाला चार्ट. (गंमत बघा, आपली बिनाका गीतमालाही १९५२ च्या डिसेंबरातच रेडिओ सिलोनवर सुरू झाली. एका महिन्याच्या आत दोन देशांना गाण्यांच्या शिडीचं वेड लागलं.) सिंगल म्हणजे ४५ आरपीएमची छोटी तबकडी, प्रत्येक बाजूला एक गाणं. पोरं पॉकेटमनीतून ती घ्यायची. ख्रिसमसला भेट म्हणून खप प्रचंड वाढायचा, म्हणून त्या आठवड्यात जे गाणं पहिलं त्याचा मान वेगळा. 'ख्रिसमस नंबर वन' कोण होणार यावर तिकडे रीतसर सट्टा लागतो. ऐंशीच्या दशकापर्यंत मोजणीही सुधारली होती. १९८३ पासून हे काम गॅलप या संस्थेकडे होतं. दुकानात एक छोटं यंत्र असायचं, विक्री झाली की दुकानदार त्यात रेकॉर्डचा कॅटलॉग नंबर टाइप करायचा, आणि फोनलाइनवरून ती माहिती गॅलपच्या कॉम्प्युटरवर जायची. डेटा पाइपलाइनच की! फक्त ती शब्द म्हणून अजून कोणाच्या रेझ्युमेत शिरली नव्हती.

आता १९८४ चा सीझन. त्या वर्षी व्हॅम! फॉर्मात होते. जूनमध्ये 'वेक मी अप बिफोर यू गो-गो' नंबर वन, ऑगस्टमध्ये जॉर्ज मायकेलच्या एकट्याच्या नावावर 'केअरलेस व्हिस्पर' नंबर वन (ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येक सॅक्सोफोनवाल्याचं पोट यावर चालतं), ऑक्टोबरमध्ये 'फ्रीडम' नंबर वन. ख्रिसमसचं गाणं तर केव्हाच तयार होतं. जॉर्जला ते वर्षाच्या सुरुवातीला सुचलं. आईवडिलांच्या घरी बसला होता, बँडमधला जोडीदार अँड्र्यू रिजली टीव्हीवर फुटबॉल बघत होता, हा मध्येच उठून वरच्या खोलीत गेला आणि तासाभराने चाल घेऊन खाली आला. रेकॉर्डिंग ऑगस्टमध्ये, लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत. ऐन उन्हाळ्यात स्टुडिओभर ख्रिसमसच्या झिरमिळ्या लावल्या होत्या म्हणे, वातावरणनिर्मितीसाठी. आणि वाद्यवृंद किती मोठा? एक लिनड्रम, एक रोलंड जुनो-६० सिंथेसायझर, थोडी घुंगरं. सगळं वाजवलं एकट्या जॉर्जने. वय २१. मी २१ व्या वर्षी सिग्नल्स अँड सिस्टिम्सची केटी सोडवत होतो. असो.

थोडक्यात, नंबर वन ठरल्यातच जमा होता. आणि मग २३ ऑक्टोबर उजाडला.

त्या दिवशी बीबीसीच्या बातम्यांत मायकेल ब्यूर्कचा इथिओपियातल्या कोरेमहून केलेला रिपोर्ट दाखवला गेला. पहाटेची थंडी, मैदानात हजारो माणसं, आणि रात्रीत मेलेल्यांची कापडात गुंडाळलेली रांग. मी तो यूट्यूबवर पाहिला. सात-आठ मिनिटांचाच आहे, मला दोनदा थांबवावा लागला. कॅमेरा होता मोहमद अमीनचा. नैरोबीत जन्मलेला, मूळ पंजाबी कुटुंबातला हा माणूस. तो कॅमेरा कुठेही घाईने फिरवत नाही. एकेका चेहऱ्यावर थांबतो, आणि आपण सुटू शकत नाही.

घरी बसून हे पाहणाऱ्यांत बॉब गेल्डॉफ होता. आयरिश गायक, बूमटाउन रॅट्स या बँडचा, आणि खरं सांगायचं तर तोवर बँडची गाडी उताराला लागलेली. त्याने अल्ट्राव्हॉक्सच्या मिज यूरला गाठलं, दोघांनी मिळून एक गाणं रचलं. म्युझिक ट्रॅक यूरने घरच्या स्टुडिओत केला. सुरुवातीचा तो दबका, धडकी भरवणारा ड्रमचा आवाज टियर्स फॉर फियर्सच्या रेकॉर्डवरून उचललेला आहे. मग गेल्डॉफने फोनचा सपाटा लावला. माणूस तोंडाने फाटका आणि चिवट. नाही म्हणायची सोयच ठेवायचा नाही.

२५ नोव्हेंबर १९८४, रविवार. लंडनच्या नॉटिंग हिलमधला सार्म वेस्ट स्टुडिओ. निर्माता ट्रेव्हर हॉर्नने तो चोवीस तास फुकट दिला होता. तेव्हाच्या ब्रिटिश पॉपमधले जवळपास सगळे हजर : ड्युरान ड्युरान, स्पँडाव बॅले, स्टिंग, बोनो, पॉल यंग, बनानारामा, स्टेटस क्वो. फिल कॉलिन्स ड्रम्सवर. बॉय जॉर्ज न्यूयॉर्कहून कॉन्कॉर्डने संध्याकाळी पोचला. आणि त्या घोळक्यात, मोठ्या केसांचा कोंबडा काढलेला जॉर्ज मायकेलही होता. त्यानेही आपल्या ओळी गायल्या.

म्हणजे बघा, पठ्ठ्याने स्वतःच्याच गाण्याला आडवं जाणाऱ्या रेकॉर्डवर आवाज दिला.

गाण्याचं नाव 'डू दे नो इट्स ख्रिसमस?'. बँडचं नाव बँड एड, म्हणजे जखमेवरची पट्टी आणि बँडने केलेली मदत असा दुहेरी अर्थ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेकॉर्ड दुकानात आली.

त्या महिन्यातला चार्ट एखाद्या मालिकेसारखा आहे. १ डिसेंबरच्या चार्टवर पहिला होता जिम डायमंड नावाचा स्कॉटिश गायक. एकट्याच्या नावावरचा आयुष्यातला पहिला नंबर वन. कोणीही असता तर पेढे वाटले असते. याने जाहीरपणे सांगितलं, पुढच्या आठवड्यात माझी रेकॉर्ड घेऊ नका, बँड एडची घ्या. पुढच्या आठवड्यात तो उतरला आणि वर आलं फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं 'द पॉवर ऑफ लव्ह'. फ्रँकीचा हा पहिल्या तिन्ही सिंगल्सनी नंबर वन होण्याचा विक्रम. त्याआधी १९६३ साली हे फक्त गेरी अँड द पेसमेकर्सना जमलं होतं. आणि त्यांचा निर्माता कोण? तोच ट्रेव्हर हॉर्न, ज्याने स्टुडिओ फुकट दिला. एका आठवड्यात त्याच स्टुडिओतून निघालेल्या रेकॉर्डने त्याच्या बँडला खाली खेचलं. १५ डिसेंबरच्या चार्टवर बँड एड पहिलं, पहिल्याच आठवड्यात दहा लाखांच्या आसपास खप, आणि दुसऱ्या नंबरवर दाखल 'लास्ट ख्रिसमस'.

तिसऱ्या नंबरवर ख्रिसमसला होते पॉल मॅकार्टनी, बेडकांच्या समूहगानासह. खोटं नाही! रूपर्ट नावाच्या अस्वलाच्या कार्टूनसाठी केलेलं गाणं, निर्माता बीटल्सचेच जॉर्ज मार्टिन, आणि कोरसमध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलची गायक मुलं. बीटल्सच्या भक्तांनी यावर कपाळाला हात लावला, पण पोरांना आवडलं. मॅकार्टनी आणि फ्रँकीचा हॉली जॉन्सन त्या रविवारी स्टुडिओत येऊ शकले नव्हते, तर त्यांचे निरोप रेकॉर्ड करून बँड एडच्या तबकडीच्या मागच्या बाजूला घातले होते. म्हणजे स्पर्धक सगळे एकाच रेकॉर्डवर!

पहिल्या दहात सुंदरलंडच्या टॉय डॉल्स या पंक बँडचं 'नेली द एलिफंट'सुद्धा होतं. हे मूळचं १९५६ चं बालगीत. मुंबईत आलेल्या सर्कशीतली हत्तीण सामान बांधून पळून जाते, अशी त्याची गोष्ट. अर्थात ती मुंबई म्हणजे हत्ती, जंगल वगैरे असलेली, इंग्रजी बालगीतातली मुंबई. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण तारखा बघत होतो, आणि 'डिसेंबर १९८४, पहिला आठवडा' हे शब्द मगाचपासून कुठेतरी टोचत होते.

२ आणि ३ डिसेंबरच्या मधली रात्र. भोपाळ.

मी हे दोन टॅब शेजारी शेजारी उघडून बसलो होतो. एकात चार्ट. दुसऱ्यात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातली टाकी क्रमांक ६१०, त्यात चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट, आत शिरलेलं पाणी, बंद ठेवलेली रेफ्रिजरेशन यंत्रणा, दुरुस्तीसाठी सोडवलेला फ्लेअर टॉवर. झोपेत मेलेली हजारो माणसं. लंडनमधली पोरं बँड एडसाठी दुकानांत शिरत होती, त्याच आठवड्यात भोपाळच्या स्मशानात लाकडं पुरत नव्हती.

ब्रिटिश लोकांना भोपाळचं काही वाटलं नाही, असं मला म्हणायचं नाही. तिकडच्या पेपरांतही पहिल्या पानावर ते होतंच. आणि इथिओपियासाठी लोकांनी जे केलं ते खरंच मोठं होतं. वर्षभरात त्या रेकॉर्डने ८० लाख पाउंड उभे केले. सरकारने आधी रेकॉर्डवरचा १५ टक्के व्हॅट सोडायला नकार दिला, तेव्हा गेल्डॉफ थेट थॅचरबाईंशी भिडला आणि शेवटी तेवढी रक्कम सरकारला दान म्हणून द्यावी लागली. व्हॅम!नेही 'लास्ट ख्रिसमस'ची रॉयल्टी इथिओपियालाच दिली. म्हणजे पहिल्या नंबरचे पैसे तिकडे आणि दुसऱ्याचेही तिकडेच.

पण एक गोष्ट मला सुटत नाही. गाणं कशावर होतं आणि कशावर होत नाही?

'डू दे नो इट्स ख्रिसमस?' याचा अर्थ, आज ख्रिसमस आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे का? आता, इथिओपिया चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. इंग्लंडच्या बऱ्याच आधी. त्यांचा ख्रिसमस असतो ७ जानेवारीला, त्यांच्या स्वतःच्या कॅलेंडरप्रमाणे. कोरेमच्या त्या मैदानातल्या कितीतरी माणसांना लंडनच्या कुठल्याही पॉपस्टारपेक्षा ख्रिसमस जास्त ठाऊक होता. आणि गाण्यात दुष्काळ म्हणजे जणू कोरडं आभाळ, देवाची करणी. प्रत्यक्षात पाऊस पडला नाही हे खरं, पण उत्तरेत यादवी चालू होती, मेंगिस्तूचं लष्करी सरकार बंडखोर भागाची नाकेबंदी करत होतं, आणि त्याच सप्टेंबरात राजधानीत क्रांतीचा दहावा वाढदिवस थाटामाटात साजरा झाला होता. हे सगळं गाण्यात नाही. मला वाटतं, नाही म्हणूनच ते गाणं चाललं. ऐकणाऱ्याला फक्त कनवाळू व्हायचं होतं, कोणावर रागवायचं नव्हतं.

भोपाळमध्ये ती सोय नव्हती. तिथे टाकीला नंबर होता, कंपनीला पत्ता होता, अध्यक्षाला नाव होतं. दया दाखवून भागणार नव्हतं, हिशोब मागावा लागणार होता. त्याचं सिंगल कोण काढणार?

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही, आणि नवाही नाही. २०१४ साली बँड एडची नवी आवृत्ती निघाली तेव्हा घानाच्या वंशाचा गायक फ्यूज ओडीजी त्यातून बाहेर पडला. आफ्रिकेचं हे कायमचं भुकेकंगाल चित्र त्याला मान्य नव्हतं. २०२४ साली चाळिसाव्या वर्षाच्या मिक्समध्ये एड शीरनचा जुना आवाज वापरला, तर तो म्हणाला, मला विचारलं असतं तर नको म्हटलं असतं.

बँड एडची रेकॉर्ड १९९७ पर्यंत ब्रिटनमधली सर्वाधिक खपलेली सिंगल राहिली. मग लेडी डायनासाठी एल्टन जॉनने गायलेल्या गाण्याने ती मागे टाकली. पण दुसऱ्या नंबरची गोष्ट वेगळीच निघाली. १९८४ मध्ये चार्ट विक्री मोजायचा. तुम्ही रेकॉर्ड एकदा घेतली की एक मत. घरी नेऊन एकदाच वाजवली की हजार वेळा, गॅलपला पत्ता नाही. बँड एडच्या बाबतीत तर विकत घेणं हाच मुद्दा होता, ऐकणं दुय्यम. पुढे डाउनलोड्स आले, आणि जुलै २०१४ पासून स्ट्रीमिंगही सिंगल्सच्या चार्टमध्ये धरायला लागले. आता प्रत्येक वेळी वाजवणं मोजलं जातं. मोजपट्टी बदलली आणि ३६ वर्षं दर डिसेंबरला मुकाट वाजत राहिलेलं गाणं वर सरकायला लागलं. १ जानेवारी २०२१ च्या चार्टवर 'लास्ट ख्रिसमस' पहिल्यांदा नंबर वन झालं. ख्रिसमसचं नंबर वन व्हायला २०२३ उजाडलं, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा झालं. एकच गाणं लागोपाठ दोन वर्षं हा मान मिळवतं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. जॉर्ज मायकेलला यातलं काहीच पाहता आलं नाही. तो गेला २०१६ साली, ५३ व्या वर्षी. तारीख २५ डिसेंबर.

हे सगळं डोक्यात घोळत असताना एका रविवारी बाबांना घेऊन गाडीने साताऱ्याला चाललो होतो. बाबा केमिकल इंजिनिअर. आयुष्य प्लांटवर गेलं, आता रिटायर झालेत. खंबाटकी चढताना सहज विचारलं, "बाबा, १९८४ च्या डिसेंबरात तुम्ही कुठली गाणी ऐकायचात?"

"गाणी?" बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "थर्ड इयरला होतो मी. होस्टेलवर एकच ट्रान्झिस्टर होता. आम्ही बातम्या ऐकायचो रे."

त्या टर्मला सरांनी सिलॅबस बाजूला ठेवून फळ्यावर टाकी काढली होती, म्हणाले. पेपरात रोज जेवढं कळायचं तेवढं त्या आकृतीत भरत जायचे. एक दिवस कूलिंग. एक दिवस स्क्रबर. कोणी वहीत उतरवून घेतलं नाही, पण बाबांना ती आकृती अजून पाठ आहे. गाडीच्या काचेवर वाफ धरली होती, त्यावर बोटाने काढून दाखवली.

घाट उतरल्यावर मी 'लास्ट ख्रिसमस' लावलं. (मी आउटच होतो, त्यामुळे हरकत नव्हती.) बाबांनी पूर्ण ऐकलं.

"बरं आहे. कधीचं आहे हे?"

"तुमच्या थर्ड इयरचं."

"हो का," बाबा म्हणाले, आणि काचेवरची टाकी बाहीने पुसून टाकली.